पॉइंट ते इलेक्ट्रॉनिक इग्निशन

अमेरिकेतील डेटन येथे चार्ल्स केटरिंग यांनी घडवलेली आणि कॅडिलॅकने 1910च्या गाड्यांत स्वीकारलेली बॅटरीवरची इग्निशन रचना पुढे सुमारे साठ वर्षे मूळ तत्त्वात फारशी बदलली नाही. कॉइलमधला प्रवाह ‘पॉइंट’, म्हणजे इंजिनाच्या गतीने उघडमीट करणारी धातूच्या संपर्कांची जोडी, अचानक तोडते आणि त्या तुटण्यातूनच प्लगच्या ठिणगीसाठी हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. प्रत्येक खेपेस संपर्क थोडे जळत व त्यांना उचलणारा ठोकळा झिजत असल्याने जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची फट वारंवार जुळवावी लागे. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सींच्या मेकॅनिकांनाही हे काम तोंडपाठ असे.

क्रायस्लरने 1973च्या, तर जनरल मोटर्सने 1975च्या अमेरिकी गाड्यांत पॉइंटच काढून चुंबकीय संवेदक सरसकट बसवला, आणि यामागे नावीन्याच्या हौसेपेक्षा धुरावरील कडक होत गेलेले सरकारी नियम अधिक होते.

जुन्या धाटणीच्या गाडीसाठी आज मूळ डिस्ट्रिब्युटरमध्येच, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीने वीज वाटणाऱ्या भागातच, मावणारे, चुंबकाच्या सान्निध्याने विद्युत्‌संकेत देणारे हॉल संवेदक मिळतात. मात्र कॉइलचा रोध त्यांच्या मॉड्यूलला, म्हणजे प्रवाह चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाला, मानवणारा नसेल तर ते तापून निकामी होते, आणि डिस्ट्रिब्युटरचा दांडा सैल असेल तर महागडा संवेदकही ठिणगीची वेळ पुरती स्थिर करू शकत नाही. घासलेला पॉइंट रस्त्याकडेला कानशीने सावरता येतो, जळालेले मॉड्यूल नाही. म्हणूनच कित्येक जाणकार चालक जुने पॉइंट व त्यांचे जळणे कमी करणारा कंडेन्सर डिकीत बाळगतात.