लहरींचे भाडे

इतिहास म्हटला की आपल्या या मुलखातील श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे अवचितगड येतो, आंग्र्यांचे आरमार येते, फार तर मिठागरे आणि मिठावरचा कर येतो. आज आम्ही ज्या इतिहासाकडे आपले लक्ष वेधणार आहोत तो याहून पुष्कळ धाकटा आहे, आताशा कोठे शंभरीच्या घरात आलेला. त्याची कागदपत्रे दप्तरखान्यात सापडावयाची नाहीत. ती पेण-रोह्याच्या घराघरांतून माळ्यावर पडलेली आहेत. पोस्टाची तिकिटे डकविलेली रेडिओची परवाना-पुस्तिका, मोडलेला अँटेना, केबलच्या वायरीचे भेंडोळे, गंजलेली छत्री. या अडगळीला जोडणारा प्रश्न मात्र एकच आहे. आकाशातून येणाऱ्या लहरींचे भाडे कोणाकडून घ्यावयाचे, आणि तो माणूस त्या लहरी घेतो आहे हे देणाऱ्याला कळावयाचे कसे?

मिठाची गोष्ट निराळी होती. आगरातून निघालेले मीठ तोलता येते, नाक्यावर अडविता येते. म्हणूनच सरकारला त्यावर कर बसविता आला. लहर तोलता येत नाही. मुंबईहून सुटलेली लहर पेणमधील दहा घरांनी घेतली काय किंवा हजार घरांनी घेतली काय, ती तसूभरही कमी होत नाही, आणि घेणाऱ्याची वार्ता घेऊन ती माघारीही जात नाही. हा एकतर्फी व्यवहार आहे. त्याला दुसरी बाजू कशी जोडावी, या खटपटीतच हा सारा इतिहास घडलेला आहे.

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. या केंद्राचा पल्ला सुमारे ३० मैलांचा. नकाशावर कंपास ठेवून पाहिले तर त्या वर्तुळात पेण येते आणि रोहे बाहेर राहते! ऐकणाराने वर्षास १० रुपये परवाना-शुल्क भरावयाचे आणि त्यातील ८० टक्के सरकारने कंपनीस द्यावयाचे, असा करार होता. हिशेब कागदावर चोख होता. पण १९२९ अखेर साऱ्या देशातील परवाने आठ हजारांच्याही आत राहिले, आणि १९३० च्या मार्चमध्ये कंपनीने दिवाळे काढले. यंत्रे महाग होती हे खरेच; पण परवाना न काढता ऐकणारेही थोडे नव्हते. ते पकडावयाचे कसे? १८८५ च्या तारायंत्र कायद्याखाली विनापरवाना वापर केल्याचे सिद्ध करावे लागे. शिपाई दारात येईतो बटण बंद केले की वापर संपला!

सरकारने यावर काढलेला तोडगा आम्हांला या इतिहासातील अत्यंत महत्त्वाची घटना वाटते. १९३३ च्या बिनतारी कायद्याने वापराचा प्रश्नच निकालात काढला. परवान्यावाचून यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरला. पहिल्या खेपेस १०० रुपयांपर्यंत दंड. लहर मोजता येत नाही ना, मग पेटी मोजा. येथपासून आजतागायत भाडे लहरींचे म्हणून सांगितले जाते आणि आकारले जाते ते पेटीवर. पुढची सारी तंटेबखेडे यातूनच निघालेली आहेत.

स्वातंत्र्यानंतरही ही रीत चालू राहिली. पोस्टाच्या खिडकीशी उभे राहावयाचे, घरगुती परवान्याचे १५ रुपये भरावयाचे, पुस्तिकेत तिकीट डकवून त्यावर शिक्का मारून घ्यावयाचा. यातील एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. १९५२ पासून केसकरांच्या कारकिर्दीत आकाशवाणीने चित्रपटगीतांना जवळजवळ दार बंद केले, तेव्हा लोक सिलोनकडे वळले. म्हणजे भाडे दिल्लीला आणि गाणी कोलंबोची! १९५७ साली विविध भारती सुरू झाली तेव्हा कोठे ही विसंगती थोडी निवळली. पेटीवर कर बसविला की ऐकणारा त्या पेटीत कोणाचे ऐकतो याच्याशी कराचा संबंध उरत नाही, हे यावरून ध्यानी यावे.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईला दूरदर्शन आले. मुंबईच्या मनोऱ्यापासून पेण सरळ रेषेत चाळीस-एक किलोमीटर, रोहे सत्तराच्या आसपास. दूरदर्शनच्या लहरी जवळजवळ सरळ जातात, डोंगराला वळसा घालीत नाहीत. आणि रोह्याच्या तर उत्तरेलाच अवचितगडाचा डोंगर. म्हणून या भागात अँटेना लावावयाचा तो उंच लोखंडी नळीवर. एकाने गच्चीवर चढून तो फिरवावयाचा आणि दुसऱ्याने खालून ओरडावयाचे, ‘अजून मुंग्या आहेत!’ या मुंग्यांसाठीही वर्षाला ५० रुपये परवाना-शुल्क होतेच. रेडिओ कपाटात लपविता येई. हा अँटेना मात्र आळीभर चुगली करी. तथापि लाखो पेट्यांची नोंद ठेवणे पोस्टाला जड झाले आणि १९८५ साली रेडिओ व दूरदर्शन या दोहोंचेही परवाने रद्द करण्यात आले. पुढे काही वर्षे पाहणाराला लहरी फुकट होत्या. खर्च सरकारी तिजोरी आणि साबणाच्या जाहिराती उचलीत.

१९९१ नंतर उपग्रहावरून परदेशी वाहिन्या आल्या, १९९२ च्या ऑक्टोबरात झी आली, आणि गावोगाव केबलवाला उभा राहिला. एक मोठी छत्री गच्चीवर, तेथून वायर माडांवरून, कौलांवरून, गटारावरून घरोघर. लहरीला वायर जोडली गेली म्हणजे आता तरी घरे मोजता येतील, असे कोणासही वाटावे. झाले उलटेच! पाहणारा केबलवाल्याला दरमहा पैसे देई, पण केबलवाला वाहिनीला खरी संख्या सांगत नसे. समजा, आळीत तीनशे जोडण्या असल्या तर कागदावर साठ. वायर एका टोकाला घराशी आणि दुसऱ्या टोकाला केबलवाल्याच्या खोलीशी येऊन थांबे. त्यापलीकडचा हिशेब तोंडी. १९९५ च्या केबल कायद्याने नोंदणी सक्तीची केली, पण मोजदाद साधली नाही. ती साधावी म्हणून २०११ साली कायदा दुरुस्त झाला आणि प्रत्येक घरात सेट टॉप बॉक्स सक्तीचा करण्यात आला. मुंबई पहिल्या टप्प्यात, २०१२ साली. पेण व रोहे ही नगरपालिकांची गावे तिसऱ्या टप्प्यात, ३१ डिसेंबर २०१५ ची मुदत. भोवतालची खेडी चौथ्या टप्प्यात, मार्च २०१७. १९३३ ची पेटी पुन्हा एकदा मोजणीस आली, पण आता प्रत्येक पेटीस स्वतःचा क्रमांक होता.

येथवर प्रश्न ‘पेटी आहे की नाही’ एवढाच होता. खरी गुंतागुंत दुसऱ्या पेटीपासून सुरू होते, आणि ती नीट समजावी म्हणून क्षणभर अमेरिकेत डोकावले पाहिजे. आपल्याकडची कितीएक मुले तेथे स्थायिक झाली आहेत, तेव्हा हा प्रवास श्रोत्यांना दूरचा वाटू नये.

तेथे १९९४ साली डायरेक्टीव्ही या कंपनीने घरोघर लहान छत्र्या बसविण्यास आरंभ केला. एका घरी पहिल्या पेटीस पूर्ण वर्गणी, पुढच्या पेट्यांस नाममात्र. लोकांनी लगेच हिशेब केला. आपण एक खाते काढावे, जादा पेटी भावाला द्यावी, तिसरी शेजाऱ्याला, आणि वर्गणी वाटून घ्यावी. उपग्रहाला हे दिसत नाही. त्याची लहर भावाच्या घरीही तशीच पडते. मग कंपनीने पेटीला टेलिफोनची वायर जोडावयास सांगितली. पेटीच्या पोटात एक मोडेम असे. ते अधूनमधून आपण होऊन कंपनीचा क्रमांक फिरवी, पैसे देऊन पाहिलेल्या चित्रपटांची नोंद कळवी, आणि मुख्य म्हणजे आपण कोणत्या टेलिफोनवरून बोलतो आहोत हे उघड करी. करारातच लिहिलेले असे की सर्व पेट्या एकाच टेलिफोन-तारेला जोडलेल्या हव्यात. नसतील तर प्रत्येक पेटीची वर्गणी निराळी. लहरीला अखेर परतीची वाट सापडली!

डिश नेटवर्क या दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकांत, हिंदी वाहिन्या तिच्याकडे असल्यामुळे, भारतीय कुटुंबे पुष्कळ. दोन खोल्यांत दोन निरनिराळे कार्यक्रम दाखविणारी एक पेटी ती देई, आणि तिला टेलिफोन जोडला नाही तर महिन्याला ५ डॉलर जादा आकारी. रक्कम किरकोळ. पण २००० नंतर घरोघरी मोबाइल आला आणि तारेचा टेलिफोन लोक काढून टाकू लागले. केवळ ५ डॉलर वाचविण्यासाठी त्याहून महाग टेलिफोन कोण ठेवील? काहींनी इंटरनेटवरून चालणारा टेलिफोन पेटीला जोडून पाहिला. माणसाच्या बोलण्याला तो पुरे. थोडा आवाज गाळला गेला तरी कान तो भरून काढतो. मोडेमच्या शिट्टीतील एवढासा तुकडा गळला तरी संभाषण तुटते. त्यामुळे ही युक्ती कधी चाले, कधी फसे. पुढे पेटीला इंटरनेटची वायर सरळ जोडण्याची सोय झाली आणि तेवढ्यानेही आकार माफ होऊ लागला.

या ठिकाणी एक भेद लक्षात ठेवावा. मराठीत ‘चुकविणे’ आणि ‘चुकते करणे’ ही एकाच मुळाची दोन टोके आहेत. अमेरिकेत वायर जोडणारा मनुष्य फी चुकवीत नव्हता. ज्याचे घर खरोखर एक होते, तो आपले घर एकच आहे असा पुरावा देत होता. चुकविणारा होता तो वायर न जोडणारा. परंतु कंपनीला दोघांतील फरक दिसत नसल्यामुळे ज्याच्याकडे टेलिफोन नाही तो संशयित ठरला आणि संशयाचे मोल पाच डॉलर झाले. आमच्या मते हा न्याय उरफाटा होता. गुन्हा सिद्ध करण्याचे ओझे कंपनीने आपल्या खांद्यावरून काढून ग्राहकाच्या भिंतीतील वायरीवर टाकले.

आता आपल्याकडे येऊ. डिश टीव्ही २००३ साली आली, इतर कंपन्या तिच्या मागोमाग. आपल्या पेट्यांना टेलिफोनची वायर कोणी जोडली नाही. खेड्यात तारेचा टेलिफोन होताच किती घरी? त्याऐवजी येथे मोबाइल हीच परतीची वाट झाली. पैसे भरावयाचे, नोंदविलेल्या मोबाइलवरून मिस्ड कॉल द्यावयाचा, पेटी चालू ठेवून वाट पाहावयाची. उपग्रहावरून त्या क्रमांकाच्या पेटीला आज्ञा सुटते आणि चित्र परत येते. पण या मिस्ड कॉलवरून कंपनीला माणूस कळतो; पेटी कोठे आहे ते कळत नाही.

आणि कोकणातल्या कुटुंबाला पेटी कोठे आहे हाच प्रश्न अवघड जातो. घर कोणते? थोरला मुलगा मुंबईत दोन खोल्यांत, आईवडील पेणला, चुलते रोह्यास. शिधापत्रिका दोन, चूल दोन, पण गणपती एक. दुसऱ्या दूरदर्शन-संचासाठी सवलतीत घेतलेली पेटी मुंबईतल्या दुसऱ्या खोलीत बसण्याऐवजी एसटीतून पेणला येते आणि वडिलांच्या माडीवर छत्रीला जोडली जाते. पेटी नोंदलेल्या पत्त्यावरच वापरावी, ही अट कंपनीच्या कागदावर राहते. मुलाला विचाराल तर तो म्हणेल, ‘घरच्या घरीच दिली.’ तो लबाडी करीत नसतो. घर या शब्दाचा त्याचा अर्थ कंपनीच्या अर्थापेक्षा मोठा असतो इतकेच.

दूरसंचार नियामक प्राधिकरणालाही या प्रश्नाला हात घालावा लागला. २०१९ साली नवी दरपद्धती आली तेव्हा शंभर वाहिन्यांच्या वहनासाठी कर वगळता १३० रुपयांपर्यंत मासिक आकार ठरला, आणि लोक विचारू लागले की घरातील दुसऱ्या संचालाही पुन्हा तितकेच का? १ जानेवारी २०२० रोजी दुरुस्ती निघाली. घरातील पुढच्या संचांना हा आकार पहिल्याच्या ४० टक्क्यांहून अधिक नसावा. २०२४ मध्ये प्राधिकरणाने या आकाराची कमाल मर्यादाच काढून घेतली. या काळात फ्री डिश मात्र मासिक वर्गणीवाचून चालू राहिली. १६ डिसेंबर २००४ रोजी दूरदर्शनने ती डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू केली होती. तिच्या पेट्या कोणी मोजीत नाही, कारण भाडे पाहणाराकडून घ्यावयाचेच नाही; तेथे जागेसाठी खासगी वाहिन्या लिलावात बोली लावतात. पेटी पेणला न्या की रोह्यास न्या, पुसणारा कोणी नाही.

वर्गणीचा जुना तंटा मात्र छत्री सोडून इंटरनेटवर गेला आहे. इंटरनेटच्या वाहिन्यांत परतीची वाट मुळातच असते; प्रत्येक यंत्र आपला ठावठिकाणा स्वतः सांगते. २० जुलै २०२३ रोजी नेटफ्लिक्सने भारतात जाहीर केले की एक खाते एकाच कुटुंबासाठी. कुटुंब कोणते, तर जेथे मुख्यतः पाहिले जाते त्या जागेच्या इंटरनेटला ज्यांची यंत्रे जोडली जातात ते. सुट्टीत रोह्यास आलेल्या मुलाचा मोबाइल तेथल्या वायफायला लागला की तो वडिलांच्या कुटुंबात असतो. सुट्टी संपून मुंबईच्या वसतिगृहात पोचला की थोड्या दिवसांनी पडद्यावर त्याला पुसले जाते की हे यंत्र तुमच्या घरचे आहे काय. मग तो रोह्यास फोन लावतो, वडील आपल्याकडे आलेला चार आकडी संकेत चष्मा लावून वाचून दाखवितात, आणि चित्र पुन्हा सुरू होते.