कोलिताचं कडं

दिवाळीत पोरं फुलबाजी गरागरा फिरवतात आणि अंधारात उजेडाचं कडं उमटतं. खरं तर एका क्षणी फुलबाजी एकाच जागी असते. मग कडं येतं कुठून? गौडपादाचार्यांनी मांडूक्यकारिकेच्या चौथ्या प्रकरणात असंच पेटतं कोलीत हाती घेतलं ते जगाचं भासमानपण सांगायला. प्रकरणाचं नावच ‘अलातशान्ति’. भास म्हटल्यावर तो मोजायच्या फंदात कोण पडणार?

मोजला तो युरोपात. १७४० मध्ये सेग्नर यांनी फिरत्या चाकाला निखारा लावून पाहिला. १७६५ मध्ये पॅरिसच्या दार्सींनी आकडा काढला: फेरा सुमारे ०.१३ सेकंदात पुरा झाला, तर कडं अखंड दिसतं. निखारा पुढे गेला तरी त्याची खूण तेवढा वेळ मागे रेंगाळते. पुढे बराच काळ ही डोळ्याची खोड समजली गेली.

या खुणेची बुद्धीशी गाठ पुढे पडायची होती; तोवर बुद्धीचा शोध वेगळ्याच वाटेने चालला होता. १८८४ मध्ये लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात फ्रान्सिस गॉल्टन तीन पेन्स घेऊन लोकांची नजर आणि कान तपासत. इंद्रियं तीक्ष्ण तर डोकं तल्लख, हा त्यांचा हिशेब. १९०१ मध्ये क्लार्क विस्लर यांनी कोलंबियाच्या विद्यार्थ्यांच्या अशा चाचण्या त्यांच्या अभ्यासातल्या गुणांशी ताडून पाहिल्या. मेळ जवळजवळ नव्हताच.

जॉर्ज स्पर्लिंग यांचा १९६० चा प्रयोग मला या साऱ्यात सर्वांत देखणा वाटतो. तीन ओळींत बारा अक्षरं, सेकंदाचा विसावा भाग दाखवायची. माणसं चार-पाच सांगत आणि वर कुरकुरत, ‘दिसली सगळी, सांगेपर्यंत उडाली.’ स्पर्लिंग यांनी ही कुरकुर खरी मानली. अक्षरं गेल्यावर सूर वाजवायचा: उंच सूर म्हणजे वरची ओळ, मधला म्हणजे मधली, खालचा म्हणजे खालची. तेवढीच ओळ सांगायची. ओळ कुठलीही विचारा, चारांपैकी साधारण तीन बरोबर येत! म्हणजे निखाऱ्याच्या खुणेसारखं क्षणभर जवळपास सगळंच हाताशी होतं. सूर सेकंदभर उशिरा वाजवला की तो फायदा गेला.

ॲडलेडमध्ये व्हिकर्स आणि नेटलबेक यांनी १९७० च्या दशकात ही खूणच पुसून पाहिली. दोन उभ्या रेघांतली आखूड कोणती, एवढाच प्रश्न. पण रेघा दिसताक्षणी वर दुसरी आकृती येते, मागे रेंगाळायला काही उरत नाही. ज्यांना कमी वेळ पुरतो, त्यांचे बुद्धिमापनातले गुण साधारणपणे जास्त भरतात. संबंध मध्यमच, पण विस्लर यांच्या हाती लागलं त्याहून बराच जास्त. तो मेंदूच्या वेगाचा की लक्ष एकवटण्याचा, यावर मानसशास्त्रज्ञ अजून भांडताहेत.