बीएस्सी गणित केल्यावर शिक्षक होण्याशिवाय काय पर्याय असतात?

'गणितात बीएस्सी करतोय' असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग मास्तर होणार का? पर्याय त्यापेक्षा बरेच आहेत. पण त्यातले काही पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातच हातातून निसटतात. कारण असतं गणितासोबत घेतलेला दुसरा विषय.

इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिसचंच बघा. यूपीएससी ही परीक्षा घेते आणि निवड झाली की केंद्र सरकारमध्ये 'गट अ' अधिकारी होता येतं. वयाची अट साधारण 21 ते 30. पण पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय असावाच लागतो. नुसतं गणित असेल तर अर्ज करता येत नाही. मग एमएस्सी संख्याशास्त्रातून करायची, म्हणजे आणखी दोन वर्षं. त्यामुळे मेजर गणित असेल तर मायनर निवडताना संख्याशास्त्राचा विचार नक्की करा. एसएससी सीजीएलमधल्या ज्युनिअर स्टॅटिस्टिकल ऑफिसर पदाची अट थोडी सैल आहे. तिथे बारावीच्या गणितात 60 टक्के असले, तरी कुठल्याही शाखेची पदवी चालते.

दुसरं, कमी चर्चेतलं काम म्हणजे ॲक्च्युअरी. चाळिशीतल्या माणसाच्या विम्याचा हप्ता किती असावा, कंपनीने भविष्यातल्या दाव्यांसाठी किती पैसे बाजूला ठेवावेत, हे संभाव्यतेच्या गणितावरून ठरवणारा तज्ज्ञ. आयुर्विमा कंपनीला ॲक्च्युअरी नेमणं कायद्यानेच बंधनकारक आहे. सुरुवात 'एसेट' या प्रवेश परीक्षेने होते आणि ती बारावीनंतरही देता येते. पगार चांगला, पण रस्ता लांबचा. इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाचे डझनभर पेपर एकेक करून काढावे लागतात, प्रत्येकाची फी वेगळी. बहुतेकजण नोकरी करत करत ते देतात.

डेटा सायन्सबद्दल सोशल मीडियावर भरपूर ऐकलं असेल. त्यात गणिताचा पाया कामी येतो हे खरं, पण मुलाखतीत आधी पायथन आणि एसक्यूएल विचारतात. कॉलेजच्या अभ्यासक्रमात ते पुरेसं नसेल तर स्वतः शिकायला पर्याय नाही. आयटीतच जायचं असेल तर एमसीए करता येतं, त्यासाठी महाराष्ट्रात सीईटी द्यावी लागते.

शिकवायचंच असेल तर शाळेसाठी बीएड हवं. महाराष्ट्रात सरकारी आणि अनुदानित शाळांतली भरती शिक्षक अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर, पवित्र पोर्टलवरून होते. सीनिअर कॉलेजसाठी एमएस्सी आणि नेट किंवा सेट.

एमएस्सी आयआयटीतून करायची असेल तर 'जॅम' ही परीक्षा असते. गणित आणि गणितीय संख्याशास्त्र असे तिचे वेगवेगळे पेपर आहेत. परीक्षा फेब्रुवारीत असते, अर्ज मात्र साधारण सप्टेंबरमध्येच सुरू होतात. म्हणजे शेवटच्या वर्षाचं कॉलेज सुरू झालं की लगेच अभ्यासाला लागावं लागतं.