एकर मोजले, माती कधी मोजणार?

गायरानाचा विषय निघाला की गावातून दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. "जनावरांची चराई यांनी खाल्ली" हे पहिले आणि "त्या मुरमाडात पिकणार तरी काय?" हे दुसरे. ही दोन वाक्ये एकमेकांना छेद देतात. जमीन इतकी हलकी असेल, तर तिथे भरघोस कुरण तरी कुठून होते? याचे उत्तर मातीच्या इतिहासात आहे, म्हणून आम्ही मातीपासूनच सुरुवात करतो.

सोलापूर, नगर, बीड हा दख्खनचा दुष्काळी पट्टा. इथे नदीकाठी खोल काळी जमीन आणि माळावर वीतभर मातीखाली मुरूम. काळी जमीन पावसाचे पाणी पोटात धरते. त्या ओलीवर रब्बीची ज्वारी कणसाला येते. माळावर पेरलेले उगवते खरे, पण पावसाने ताण दिला की कोवळ्या मुळाला खाली ओल मिळत नाही आणि रोप करपते. मग दुबार पेरणी, म्हणजे दुबार कर्ज. गवताचेही असेच होते. माती धुपली आणि बारमाही चराई चालू राहिली की मारवेल, पवन्या ही चांगली गवते मागे हटतात, कुसळी उरते. म्हणजे अशा माळावर कुरण संपायला नांगराची गरज लागत नाही.

सरकारला हे माहीत नव्हते काय? चांगले माहीत होते. 1835 पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमिनीची पाहणी सुरू केली. तिच्यातून मुंबई इलाख्याची सारापद्धत घडली. मातीचा रंग, पोत आणि खोली पाहून जमिनीच्या नऊ प्रती पाडल्या गेल्या. पावणेदोन हात खोल उत्तम काळी जमीन सोळा आणे, सगळ्यात हलकी दोन आणे. सारा वसूल करायचा होता तेव्हा मातीची खोली हातांनी मोजली गेली. भूमिहीनाला जमीन द्यायची वेळ आली, तेव्हा मात्र फक्त एकर मोजले गेले. दोन आणे प्रतीची जमीन देऊन सोळा आणे उपकाराची भाषा केली गेली!

बाबासाहेबांनी 1918 सालीच भारतातील लहान शेतजमिनींवरील निबंधात सांगितले होते की, शेत लहान की मोठे हे निव्वळ क्षेत्रफळावरून ठरत नाही. जमिनीला भांडवल आणि साधनांची जोड किती, यावर ते ठरते. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी शेती राज्याच्या मालकीची करून सामुदायिक पद्धतीने कसण्याची मांडणी केली. पाणी, बैल, अवजारे, खत, बियाणे पुरवण्याची जबाबदारी त्यांनी राज्यावर टाकली. नुसता जमिनीचा तुकडा हातात देऊन माणूस उभा राहत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

पुढे 1964 मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यातली प्रमुख मागणी होती. आपल्या आज्या-आजोबांनी तुरुंग भोगला तो यासाठी. 1991 मध्ये, 14 एप्रिल 1990 पर्यंतची अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय निघाला. तरीही आज कित्येक कुटुंबे सातबाऱ्याविना कसत आहेत. 2011 च्या जगपाल सिंग निकालाचा धाक त्यांना दाखवला जातो. गावाच्या सामायिक जमिनी मोकळ्या करा, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितले, हे खरे. पण सरकारी अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना वा अनुसूचित जाती-जमातींना दिलेली जमीन हा अपवादही त्याच निकालात आहे. तो कोणी वाचून दाखवत नाही.

दगड वेचून, ताली घालून, शेणखत टाकून आपल्या लोकांनी मुरमावर माती धरली. बांधाने पाणी अडते, पाण्यासोबत वाहणारी माती थांबते आणि वर्षागणिक मूळ धरायला जागा होते. हे काम दोन पिढ्यांचे आहे. याला अतिक्रमण म्हणणाऱ्यांनी आधी हिशेब द्यावा की, गावची खोल काळी जमीन कोणाच्या नावावर आहे आणि ती कशी झाली?

म्हणून तरुणांनी नुसते "सातबारा द्या" म्हणून थांबू नये. पंचनाम्यात क्षेत्रासोबत मातीची खोली आणि कसणाऱ्याने घातलेल्या ताली नोंदवायला लावा. तलावातला गाळ आधी हलक्या रानावर पडू द्या, बांधबंदिस्ती तिथूनच सुरू होऊ द्या. जनावरांसाठी राखलेल्या कुरणात पाळीपाळीने चराई ठरवा. आपल्या शेळ्यांनाही तेच गवत लागते. वसुलीसाठी हातांनी मोजलेली माती आता न्यायासाठी मोजली गेली पाहिजे.

जय भीम!