आलाचा तांबडा आणि डांबराचा तांबडा

रायपूर शहरालगतचे उरला हे गाव आज पोलाद आणि मिश्रधातूंच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. थोडे पश्चिमेस गेले की भिलाई लागते. तेथील पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. दगडी कोळशाचा कोक करताना अशा ठिकाणी जे डांबर निघते, त्यात अँथ्रासीन नावाचा एक पदार्थ असतो. या पदार्थाने मध्य हिंदुस्थानातील एका जुन्या शेतीचा शेवट केला, ही गोष्ट आता फारशी कोणाच्या स्मरणात राहिलेली नाही.

ती शेती आलाची. आपल्याकडे ज्याला बारतोंडी म्हणतात, त्याच कुळातले हे झाड. बुंदेलखंडापासून नागपूर-वऱ्हाडापर्यंत काळ्या जमिनीत ते लावीत आणि तीन-चार वर्षांनी खोल खणून मुळ्या काढीत. बारीक मुळ्यांना भाव अधिक, कारण रंग मुळीच्या सालीत असतो. रंगारी आधी कापडाला एरंडेल व राखेचे पाणी देई, मग तुरटी लावी आणि मुळ्यांच्या भुकटीबरोबर ते हळूहळू तापवी. खारव्याचा पक्का तांबडा रंग असा सिद्ध होत असे.

या रंगाचे सत्त्व म्हणजे मोरिंडोन. युरोपातील मॅडर नावाच्या मुळीत अलिझारिन असते. दोहोंचा सांगाडा एकच : तीन जोडवलये आणि मधल्या वलयावर समोरासमोर दोन ऑक्सिजन, म्हणजे अँथ्राक्विनोन. तुरटीतील ॲल्युमिनियम रंगाला धाग्याशी जखडून ठेवते, हेही दोन्हीकडे सारखेच. रसायनशास्त्राला हे उमगण्यापूर्वी कित्येक पिढ्या रंगाऱ्याचे हात ते जाणत होते.

१८६८ साली बर्लिनमध्ये ग्रेबे आणि लीबरमान यांनी अलिझारिन हे अँथ्रासीनपासून झालेले आहे हे दाखविले आणि पुढच्याच वर्षी ते कृत्रिम रीतीने तयार केले. १८६९ च्या जूनमध्ये जर्मनीतील बी.ए.एस.एफ. आणि इंग्लंडातील पर्किन यांनी एका दिवसाच्या अंतराने स्वस्त पद्धतीचे हक्क मागितले. रीत अशी : अँथ्रासीनचे अँथ्राक्विनोन करावयाचे, ते धुमसत्या गंधकाम्लात तापवावयाचे, कॉस्टिक सोड्याबरोबर वितळवावयाचे आणि शेवटी आम्लाने रंग खाली बसवावयाचा. ज्या रंगासाठी शेतकरी तीन वर्षे थांबे, तो आता थोड्या दिवसांत होऊ लागला.

फ्रान्समधील मॅडरची शेते ओसाड पडली आणि त्याच लाटेत आलही गेला. १८८० नंतरच्या दशकात लोहमार्ग रायपुरास पोहोचला, तेव्हा परका रंग आणि गिरणीचे कापड यांची वाट आणखी सोपी झाली. मात्र रंगारी आणि शेतकरी यांचे दैव एक नव्हते. रंगाऱ्याने तुरटी तीच ठेवून नवा रंग उचलला. त्याचे कसब टिकले, पण स्वातंत्र्य गेले. शेतकऱ्याकडे मात्र काहीच उरले नाही. कृत्रिम रंगाने निसर्गाचा रंग हरविला असे आपण सहज म्हणतो. खरे पाहता रंग हरला नाही, कारण रेणूचा सांगाडा तोच होता. बदलले ते एवढेच की, रंगाचे मोल कोणाच्या पदरात पडावे.

बस्तरातील पनका विणकर आणि सीमेपलीकडील ओडिशातील कोटपाडचे मिरगान आजही आलाच्या मुळीने सूत रंगवितात. कोटपाडच्या कापडाला २००५ साली भौगोलिक मानांकन लाभले. तो सन्मान योग्यच आहे; पण मुळी खणणाऱ्याच्या हाती त्यातून किती येते, यावरच त्याची किंमत ठरेल. भट्ट्यांच्या शेजारी राहणाऱ्या आपणा छत्तीसगडवासी मराठी माणसांनी एवढे तरी ओळखावे की, आपल्या मातीतील मूळ आणि आपल्या भट्टीतील डांबर यांचे नाते फार जवळचे आहे. एकाने दुसऱ्याला उखडले, तो केवळ विज्ञानाचा विजय नव्हता. तो बाजाराचा निवाडा होता, आणि असे निवाडे माणसांनी पुन्हा तपासून पाहावयाचे असतात.