‘बेसलाइन’ : संपादकीय तळटीप

* बेसलाइन : मंजूर वेळापत्रकाची सॉफ्टवेअरमध्ये गोठवून ठेवलेली प्रत. कामाच्या नोंदींबरोबर चालू वेळापत्रकातील तारखा सरकतात, ही प्रत सरकत नाही. दोहोंतील फरकावरून काम किती मागे पडले ते कळते. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये अशा ११ प्रती ठेवता येतात. उदाहरणार्थ, पुणे मेट्रोचे भूमिपूजन २४ डिसेंबर २०१६ रोजी झाले. वनाज–गरवारे महाविद्यालय टप्पा ६ मार्च २०२२ रोजी, तर जिल्हा न्यायालय–स्वारगेट हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला. इतक्या लांबलेल्या, तुकड्यातुकड्यांनी उघडणाऱ्या कामात वेळापत्रक सुधारावे लागणारच. पण सुधारित बेसलाइन वेगळ्या क्रमांकाने, कारणासह नोंदवावी. ती मूळ प्रतीवरच चढवली, तर झालेला उशीर अहवालातून नाहीसा होतो. सार्वजनिक पैशाच्या कामात हे अक्षम्य आहे. – संपा.