श्वानाच्या गुडघ्याची वाटी

पशुवैद्यकाचा इतिहास म्हणजे बहुतांशीं घोड्यांचा व गुरांचा इतिहास होय. 1761 सालीं क्लोद बूर्जला यानें फ्रान्समधील लिआँ येथें पशुवैद्यक शाळा काढण्याची राजाज्ञा मिळविली, ती कुत्र्याच्या कळवळ्यानें नव्हे. गुरांचा संहार करणारी साथ आणि लष्करांतील घोडे हेच त्या शाळेचे खरे जनक. कुत्र्याची पाळी फार उशिरां आली.

एखादें लहान जातीचें कुत्रें धांवतां धांवतां मागचा पाय उचलून धरतें, दोनचार उड्या तीन पायांवर मारतें, आणि जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा थाटांत पुन्हां धांवूं लागतें. धन्यास ती खोडी वाटते. वास्तविक तेवढ्या अवधींत गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावरील खोबणींतून निसटून परत जागेवर आलेली असते. पॉमेरेनियन, पूडल, यॉर्कशायर टेरियर अशा, मनुष्यानें हौसेखातर खुज्या केलेल्या जातींत हा विकार विशेष आढळावा, हें विचार करण्यासारखें आहे. दोष बहुधा वाटीचा नसतोच. खोबण उथळ असते, आणि नडगीच्या ज्या उंचवट्यास वाटीखालचा बंध चिकटतो तो आंत वळलेला असतो. त्यामुळें मांडीचा स्नायु आंखडला कीं वाटी आंत ओढली जाते.

मनुष्याच्या गुडघ्यावर हा उपाय आधीं झाला. लोझानच्या सेझार रू यानें 1888 सालीं बंधाची जागा आंतल्या बाजूस सरकविण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. मनुष्याची वाटी बाहेर निसटते, लहान कुत्र्याची बहुधा आंत; तेव्हां तोच उपाय उलट दिशेनें करावा लागला. नडगीचा उंचवटा हाडासकट कापून बाहेरच्या बाजूस बसवितात. 1968 सालीं पटनम यानें विकाराच्या चार पायऱ्या ठरविल्या, व 1969 सालीं इंग्लंडांतील सिंगलटन यांच्या लेखानें त्या सर्वत्र रूढ झाल्या.

खोबणीचा प्रश्न अधिक नाजूक. ती नुसती खरवडून खोल केली तर गुळगुळीत कूर्चा नाहींशी होते. अमेरिकेंतील स्लोकम व त्यांचे सहकारी यांनीं 1982 सालीं वेगळी युक्ति मांडली: कूर्चेसकट हाडाची पाचर काढावी, तिची बैठक खोल करावी, आणि तीच पाचर पुन्हां बसवावी. वाटीच्या दाबानेंच ती जागेवर राहते. खिळा लागत नाहीं. एखाद्या कुशल सुतारास ही रीत तत्काळ पटेल.

विकार बहुधा आनुवंशिक असल्यानें अशा कुत्र्यापासून पैदास करूं नये, असा पशुवैद्यांचा सल्ला असतो. प्रदर्शनांतील बक्षिसांच्या लोभापायीं तो सर्वच पाळतात असें मात्र नाहीं.